बयाक्काच्या पायातला खळगा

एका गावात दोन वैद्य होते, आणि तिथेच सगळी पंचाईत होती.

थोरले नरहरबुवा. त्यांच्याकडे वडिलांचं भलंमोठं कपाट, त्यात बाटल्याच बाटल्या, आणि पार मागे गावभर नावाजलेली एक काळी बाटली. धाकटी सगुणा, कालपरवा गावात आलेली. तिच्याकडे मोजून पाच बरण्या. पण दम्याने कासावीस झालेला माणूस धापा टाकत तिच्या ओट्यावर यायचा आणि घटकाभराने गप्पा मारत घरी जायचा. ते पाहून नरहरबुवांच्या पोटात दुखायचं. या पोटदुखीवर त्यांच्या अख्ख्या कपाटात एकही पुडी नव्हती.

"असं आहे तरी काय गं त्या बाईजवळ?" ते बहिणीला विचारत.

बहीण म्हणजे बयाक्का. आई गेल्यावर तिनेच बुवांना लहानाचं मोठं केलं होतं. ती आपली पाय चोळत म्हणायची, "असेल काहीतरी. हल्ली माझे पाय बघ रे किती जड झालेत."

बुवांचं लक्ष कुठे होतं! ते सगुणाच्या कुंपणाआड जाऊन उभे राहू लागले. ती रोग्याच्या पाठीला कान लावायची. मग त्याच्या घोट्यावर अंगठा दाबायची, उचलायची, क्षणभर पाहायची. मग तपकिरी बरणीतली चिमूटभर पूड द्यायची. "हात्तिच्या! खरी गोम अंगठ्यात आहे तर," बुवा मनाशी म्हणाले. एका दुपारी ती नदीवर गेली, तशी त्यांनी बरणीतली मूठभर पूड उपरण्यात बांधून आणली. एवढा जाणता वैद्य, आणि चोरी! पण मत्सराला लाज थोडीच असते?

दुसऱ्याच दिवशी बयाक्का भिंतीला टेकून बसली. "नरहर, दम लागतोय रे."

बुवांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना आनंद झाला! त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारून जमवलं, बहिणीच्या घोट्यावर थाटात अंगठा दाबला आणि सगळ्यांकडे बघत पूड चारली.

थोड्याच वेळात बयाक्काची छाती धाडधाड उडू लागली. ओठ निळे पडले. तोंडातून शब्द निघेना. बुवांनी कपाटाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि पायांत वहाणा न घालता ते सगुणाच्या दारी धावले.

"चोरी केली मी. नंतर हवं ते बोल. आधी माझ्या अक्काला वाचव!"

सगुणा तडक आली. तिने पाठीला कान लावला, घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"बुवा, हा खळगा नाही पाहिलात?"

"मला वाटलं, अंगठा लावणं हा तुझा मंत्र आहे."

"मंत्र कसला! पायात पाणी साठलंय का, ते बघते मी. असा दम बहुधा दोन कारणांनी लागतो. दम्यात श्वासाच्या नळ्या आवळतात, माझी पूड त्या सैल करते. अक्कांच्या नळ्या मोकळ्याच आहेत. थकलंय ते काळीज, म्हणून पाणी तुंबलंय. औषध कुलपाच्या किल्लीसारखं असतं. ही किल्ली नळ्यांची. पण काळजाचं कुलूपही थोडं तसंच, तिथेही ती फिरली. थकलेल्या काळजाला तुम्ही पळायला लावलंत."

"मग त्या काळजाचं औषध दे ना!"

"माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे. तुमच्या वडिलांची ती काळी बाटली, थकलेल्या काळजाला बळ देणारी." "खोटं कशाला बोलू? त्या बाटलीपायी माझ्याही पोटात कितीदा दुखलंय."

बाटलीवर बोटभर धूळ होती. बुवांनी ती पुसली. पुडीचा जोर ओसरेपर्यंत सगुणा बयाक्काला टेकून बसवून होती. मग तिने पाण्यातून मोजून दोन थेंब दिले. रोज तेवढेच देत गेली. आठवड्याने बयाक्काची सूज उतरली आणि श्वास सरळ चालू लागला.

पहिलं बोलणं तिने भावाशीच केलं. "नरहर, महिनाभर मी तुला पाय दाखवत होते. तू त्या कुंपणातून काय बघत होतास रे?"

बुवा खाली बसले आणि बहिणीचे पाय चोळू लागले.

तात्पर्य: रोग कुठे आहे ते पाहिल्याशिवाय दिलेलं औषध घात करतं, आणि मत्सराने दुसऱ्याकडे लागलेल्या डोळ्यांना आपल्या घरातला रोग दिसत नाही.