चांद्या किती लांब गेला

एकदा काय झालं, ऐका. आणि चिमे, पाय आवर आधी, नाहीतर मी पहिल्या ओळीलाच थांबेन.

एका माळावर तायाक्का नावाची धनगरीण राहायची. घरात माणूस म्हणजे ती एकटीच. बाकी सगळी मेंढरं, आणि एक कुत्रा. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांद्या. पिल्लू असताना तो ओढ्यातून वाहत चालला होता. तायाक्का कंबरभर पाण्यात उतरली आणि त्याला पदरात घेऊन आली. चांद्या ते कधी विसरला नाही. कुत्री विसरत नाहीत, बरं का. विसरतो आपण.

मग एके दिवशी लांडगे आले. चांद्या एकटा भिडला. मेंढरं सगळी वाचली, पण चांद्या गेला. तायाक्काला दोन दिवस घास गेला नाही.

वर आभाळात कुत्र्यांचा एक राजा असतो. त्यानं चांद्याला म्हटलं, शाबास, माग काय हवं ते. चांद्या म्हणाला, मला तायाक्काकडे परत पाठवा, आणि या खेपेला हात द्या, मला तिचं पाणी भरायचंय. राजानं त्याला माणसाचं रूप दिलं. पण एक अट घातली. मालकिणीनं तीनदा ‘हाड्’ म्हटलं, की निघायचं. मग कुणाची दोरी, कुणाची साखळी तुला धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दारात एक उंच गडी उभा. कपाळावर पांढरा ठिपका. तायाक्कानं लगेच ओळखलं. त्यानं तिला अटही सांगितली. मग त्यानं पाणी भरलं, सरपण आणलं, मेंढरं वळली. पण अंगातलं कुत्रं जाईल कुठे? आठवडाही झाला नाही, तोच त्यानं लोण्याच्या मडक्यात तोंड घातलं. तायाक्का सवयीनं ओरडली, ‘हाड्!’ झालं, एक गेलं.

मग गावचे पाटील आले. चांद्यानं रामराम केला नाही. मागे गेला आणि पाटलांना हुंगायला लागला. हसू नका, पाटलांचा जीव किती वरखाली झाला होता. तायाक्काच्या तोंडून पुन्हा निसटलं, ‘हाड्.’ दोन गेली.

त्या दिवसापासून तायाक्का तोंडात सुपारी धरून बसायची. बोलायचंच नाही मुळी.

मग काय झालं, त्या मुलखाच्या राजाची लेक धुक्यात माळावर हरवली. चांद्यानं तिची मोजडी हुंगली आणि दुपारच्या आत पोरीला खांद्यावर बसवून आणलं. राजा खूश झाला. राजे खूश झाले की आपण जरा जपून राहावं. हा गडी मला हवाच म्हणाला, आणि मंतरलेली चांदीची साखळी पाठवली. शिपायांनी ती चांद्याच्या गळ्यात घातली आणि त्याला ओढत न्यायला लागले. राजवाड्यात मटण मिळणार होतं, मऊ गादी मिळणार होती. पण चांद्या मान वळवून तायाक्काकडेच बघत होता.

तायाक्काला कळलं. आपण एक शब्द बोललो की साखळी सुटेल. पण मग चांद्याही जाईल, कायमचा. तिनं सुपारी थुंकली, पुढे गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझी मेंढरं राखलीस, मरून बी परत आलास. लई केलंस रं माझ्यासाठी. आता कुणाच्या दारी बांधून घेऊ नगंस.”

आणि रडत रडत हळूच म्हणाली, “हाड्.”

साखळी खळकन खाली पडली. माणूस नाहीसा झाला. उरला काळा कुत्रा, आणि तो निघाला. तायाक्कानं डोळे गच्च मिटून घेतले.

मग चांद्या दहा पावलं गेला. कुंपणापाशी थांबला. खाली बसला, आणि तिच्याकडे बघत राहिला.

अरे, कुत्र्याला हाड् म्हटलं की तो जातो तरी किती लांब? वरच्या राजानं नुसतं निघायचं म्हणून सांगितलं होतं. कुठवर, ते काही त्याला सुचलं नव्हतं. तोही कुत्राच ना शेवटी.

शिपायांना माणूस हवा होता, कुत्र्याचं त्यांना काय? रिकामी साखळी घेऊन गेले परत. तायाक्कानं डोळे उघडले. कुंपणाशी जाऊन बसली आणि दोन्ही हात आभाळाकडे जोडले. मग घरातली भाकरी आणली, मोडली, मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवला.

तायाक्का सुखात राहिली, मेंढरं सुखात राहिली, आता आपणही सुखानं निजू. चांद्या आहे कुंपणाशी. मिटा डोळे.