सावलीतली खुर्ची

भर मे महिन्यात नागपूरच्या एका सोसायटीत अध्यक्ष डाखोळेसाहेबांनी शालिनीताईंचा गरम खोलीतला योगवर्ग बंद करायचा घाट घातला. अंगणातल्या कडुलिंबाखाली मीटिंग भरली.

"बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन फुकट मिळतंय," साहेब गरजले. "मग ही बाई हॉल तापवून लोकांना देते तरी काय?"

शालिनीताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मघापासून तुम्ही तीनदा खुर्ची सावलीत सरकवलीत. इथे बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींवरही तेच ऊन आलं, पण एकीनंही जागा सोडली नाही. गरमी सूर्य देतो. तिच्यात स्थिर कसं बसायचं, ते मी शिकवते."

ऊन पुन्हा साहेबांच्या गुडघ्यांवर आलं होतं. खुर्ची सरकवायला गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि हळूच विचारलं, "सकाळचा वर्ग किती वाजता असतो?"