मोकळी आहे, घे

एकदा एका तरुणाने एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडे त्याची ठासणीची बंदूक मागितली. म्हाताऱ्याने ती रोज दिली, आणि रोज काढून घेतली.

गाव डोंगराच्या पायथ्याला होते. भाताच्या खाचरांत रानडुकरे घुसत, म्हणून राखणीसाठी दोन-चार घरांत परवान्याची बंदूक असे. ठासणीची म्हणजे जुनी जात. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, आणि लोखंडी गजाने सगळे ठासायचे. अशी बंदूक भरलेली असो की रिकामी, बाहेरून सारखीच दिसते. माणसांचेही बहुधा तसेच असावे.

तरुण बावीस वर्षांचा होता. शाळा नववीत सोडलेली, जीभ तिखट. त्याचा बाप लवू हा म्हाताऱ्याचा पहिला शिष्य. चौदा वर्षांपूर्वी याच बंदुकीचा बार पोटात शिरून लवू बांधावर मेला. पंचनाम्यात लिहिले गेले, 'मयताच्या निष्काळजीपणामुळे'. गावाने तो निष्काळजीपणा उचलून मुलाच्या नावाला चिकटवला. त्याच्या हातून चहाचा ग्लास निसटला तरी कुणीतरी म्हणे, "लवूचाच ना शेवटी."

घरात बापाचा एक फोटोही नव्हता. उरली होती ती एकच गोष्ट, आणि तीही दुसऱ्याच्या घरात. बंदुकीचा दस्ता कधी काळी तडकला तेव्हा लवूने त्यावर तांब्याची तार गुंडाळली होती, वेढ्याला वेढा लावून. बंदूक वर्षभर पोलीस ठाण्यात पडून राहिली आणि परत आली, तरी त्या तारेचा एक वेढाही ढिला झाला नव्हता. ज्याने ती गुंडाळली तो निष्काळजी कसा, हे त्या मुलाला लहानपणापासून कळत नव्हते. त्या तारेवर अंगठा टेकवून बंदूक खांद्याला लावावी, एवढीच त्याची आस होती. डुकरे हे निमित्त.

रोज सकाळी म्हातारा खुंटीवरची बंदूक काढी, नळी आभाळाकडे करी आणि म्हणे, "मोकळी आहे. घे."

तरुण ती दोन्ही हातांनी घेई, कपाळाला लावी, अंगठा तारेवर नेई. इतक्यात म्हातारा बंदूक काढून घेऊन पुन्हा खुंटीला अडकवी.

"उद्या ये."

"आज काय चुकलं, आबा?"

"उद्या ये."

भात पेरले गेले, कापले गेले, झोडून झाले. सात महिने गेले. चहाच्या टपरीवर लोक विचारू लागले, "काय शिकारी, आज तरी हातात राहिली, की पाया पडून परत?" त्याच्या आत काहीतरी ठासले जात होते.

एके सकाळी म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे बंदूक पुढे केली. "मोकळी आहे. घे."

"तुम्ही म्हणता म्हणून?" तरुण म्हणाला.

त्या गावात मोठ्या माणसाने मोकळी म्हटल्यावर नळीत गज टाकून पाहणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणणे. आजवर कुणी ते केले नव्हते. तरुणाने नळीखालचा गज ओढून काढला, आपले तोंड बाजूला केले आणि गज नळीत सोडला. रिकामी नळी खणकन वाजते. ही वाजली नाही. 'धप' असा आवाज आला, आणि गज चार बोटे बाहेरच राहिला.

बंदूक भरलेली होती.

म्हातारा खाली बसला. त्याने गजाच्या टोकाला बोळा ओढायची फिरकी लावून आतला बोळा ओढून काढला आणि नळी उलटी केली. अंगणात दारू पडली नाही, मूठभर कोंडा पडला.

"सात महिने रोज कोंडा भरत होतात?"

"रोज."

"आणि रोज माझ्याशी खोटं बोलत होतात."

"रोज," म्हातारा म्हणाला. "तुझा बाप गेला त्या दिवशी सकाळी माझा डुकरावरचा बार चुकला. मी पुन्हा ठासली, घोड्याखाली ठिणगीची केप चढवली, आणि विसरलो. दुपारी लवू आला. मी म्हटलं, मोकळी आहे, घे. त्याने कपाळाला लावली आणि गेला. बांध चढला, आणि खाली राहिलेली बंदूक नळीला धरून वर ओढली. करवंदीच्या जाळीत घोडा अडकला. गज टाकून बघायचं, नळी अंगाकडे करायची नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं रे. पण मी मोकळी म्हटल्यावर तो कशाला बघेल? माझा शब्द आड आला. तेव्हापासून वाट बघतोय. कुणीतरी म्हणावं, थांबा आबा, मला बघू द्या. चौदा वर्षं याच एका वाक्याला आसुसलोय."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तेही तू माझ्या शब्दावरच घेतलं असतंस."

हे उत्तर सुंदर होते. म्हाताऱ्यांची उत्तरे सुंदरच असतात. तरुणाने त्याच्याकडे नीट पाहिले.

"आणि पंचनाम्याच्या वेळी?"

म्हाताऱ्याने सांडलेला कोंडा मुठीत गोळा केला. "तिथे मी गप्प बसलो."

"मला शिकवायला सात महिने, आणि खरं बोलायला चौदा वर्षं. आईला सांगितलंत?"

"नाही."

"मग उठा."

म्हातारा उठला. तरुणाची आई अंगणात कुळीथ पाखडत होती. म्हाताऱ्याने उभ्यानेच सगळे सांगितले, तिने बसायला सांगितले नाही. ऐकताना तिचे सूप थांबले.

"चौदा वर्षं मी त्यांनाच शिव्या घातल्या," ती म्हणाली. "सणाच्या दिवशीसुद्धा." आणि रिकाम्या जागेकडे तोंड करून, जणू तिथे कुणी जेवायला बसले आहे, ती हलकेच म्हणाली, "ऐकलंत का हो?"

त्याच दिवशी म्हातारा टपरीवरही गेला. तिथेही त्याने उभ्यानेच सगळे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक पुन्हा पुढे आली. "मोकळी आहे. घे."

"थांबा आबा. मला बघू द्या."

गज आत गेला आणि नळी खणकन वाजली. तो नाद विरेपर्यंत म्हातारा डोळे मिटून उभा होता. तरुणाचा अंगठा तारेवर होता, आणि या वेळी बंदूक परत घ्यायला कुणाचा हात पुढे आला नाही.

ज्याच्यावर आपली माया आहे, त्याचा शब्द कपाळाला लावावा, पण आधी गज टाकून पाहावा.