कर्नलसाहेबांनी न्यायाधीशांकडे मागितलेला खुलासा

विषय : पिंपे बनवणारा सायलस प्रुइट याची कवायतीच्या दिवशीची गैरहजेरी.

अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती. एका डोंगरी गावात थॉर्नडाइकसाहेब न्यायाधीशही होते आणि गावच्या सैनिक पथकाचे कर्नलही. माणूस एक, डगले दोन. कवायतीच्या दिवशी सकाळी त्यांनी न्यायाधीश म्हणून एका खटल्याच्या पंचांना, म्हणजे ज्युरीला, निकाल ठरेपर्यंत खोलीत कोंडले, किल्ली खिशात टाकली, डगला बदलला आणि मैदानावर जाऊन हजेरी घेतली. कोंडलेल्या पंचांत सायलस होता. मैदानावर त्याच्या नावाला ‘ओ’ आली नाही.

गैरहजेरीची शिक्षा म्हणजे अख्खा हिवाळा सरहद्दीच्या ठाण्यावर. मागच्या वर्षी गेलेले दोघे परतले नव्हते. इकडे सायलसच्या बायकोचे, मर्सीचे, दिवस भरत आले होते. चौकशीत ती दाराशी भिंत धरून उभी होती.

“साहेब, मला तुम्हीच कोंडलंत!” सायलस म्हणाला.

“न्यायाधीशांनी कोंडलं. इथं मी कर्नल आहे. त्यांचं मला सांगू नकोस.”

सायलसने विचारले, “बरं. कवायतीच्या दिवशी तुमचा शिपाई कोणी अडवून ठेवला, तर त्याला काय शिक्षा?”

“तीच! तोही ठाण्यावर!” कर्नल गरजले.

“मग न्यायाधीशसाहेबांना वळकटी बांधायला सांगा. आम्ही बरोबरच निघतो.”

मर्सीला त्या अवस्थेतही हसू फुटले.

कर्नलसाहेबांनी न्यायाधीशांकडे लेखी खुलासा मागितला. तो येईपर्यंत शिक्षा तहकूब. सायलसची मुलगी आता चालू लागली आहे. न्यायाधीशांचा खुलासा अद्याप आलेला नाही. प्रकरण प्रलंबित आहे.