दूध विकून आणलेला डबा

एकदा एका कसब्यातील वृद्ध वैद्यांच्या दारी भागीरथी नावाची तरुण आई आपल्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली. वैद्य परगावी गेले होते. ओसरीवर त्यांचा शिष्य नीलकंठ होता. मुलगी सदा किरकिरते, हसत नाही, अशी आईची तक्रार होती. माल्टच्या गोड पुडीचा डबा आपण तिच्यासाठी आणतो, हेही तिने अभिमानाने सांगितले. डब्यावर पुष्टी, बुद्धी आणि उंचीची ग्वाही छापलेली होती. नीलकंठाने मुलीचे फुगीर गाल पाहिले आणि म्हणाला, "चांगले बाळसे धरले आहे. तेच चालू ठेवा."

पुढे काही आठवड्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा मुलगी उभीही राहीना. या वेळी वैद्य घरी होते. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. तिच्या पावलावर अंगठा दाबला, उचलला आणि नुसते बघत राहिले. दाबलेल्या जागी खळगा पडला होता, तो भरून येईना. बाळसे नव्हते ते, सूज होती.

पूड कशात कालवता, असे वैद्यांनी विचारले. पाण्यात, भागीरथी म्हणाली. घरी म्हैस होती, पण तिचे दूध हलवायाला घालून त्या पैशांत डबा येत असे. दूध काय, कोणीही पाजते, खरी ताकद डब्यात असते, असे व्यापाऱ्याने तिला पटवून दिले होते. गोड पाण्याने पोट भरल्यामुळे मुलगी वरणभाताला तोंड लावीत नसे.

वैद्यांनी डबा बंद करविला. मुलीला स्वतःच्या घरी ठेवून घेऊन ते तिला दूध आणि मुगाचे कढण थोडे थोडे देऊ लागले. सूज उतरू लागली, तसा तिच्याखाली दडलेला खरा देह दिसू लागला. हात काटक्यांसारखे होते, गाल बसलेले होते. भागीरथी घाबरली. आता हिला खरा गुण येतो आहे, हे वैद्यांनी परोपरीने सांगितले. पण वैद्याच्या घरी येऊनच पोर वाळली, असे सासरच्या माणसांनी ठरवून टाकले होते.

"या दादांनी तर बाळसं म्हटलं होतं," एवढेच बोलून भागीरथी मुलीला घेऊन गेली. डबा पुन्हा सुरू झाला. महिना संपायच्या आत मुलगी गेली.

सुतक फिटल्यावर भागीरथी एकटीच आली. हातात अर्धा उरलेला डबा होता. एखाद्या गरिबाच्या लेकराला द्या, म्हणाली. वैद्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. ती दिसेनाशी झाल्यावर मात्र त्यांनी परसात जाऊन सारी पूड उकिरड्यात ओतली.

नीलकंठाला हे उमगेना. फेकायचेच होते तर तिच्यादेखत का नाही, असे त्याने विचारले.

वैद्य म्हणाले, "ती दान द्यायला आली होती. मेलेल्या लेकराच्या नावाने दिलेली वस्तू आईसमोर कशी फेकू? पूड विष नव्हती. थोडे धान्याचे सत्त्व आणि पुष्कळ साखर. डब्यावर जी ताकद लिहिली आहे, ती दुधात घेतल्यावरची. म्हणजे तिच्यात मोठा वाटा दुधाचा. ते दूध त्यांनी विकले. आईने डब्यावरचे शब्द मानले, तू गाल पाहिलेस. पूड कशात कालवते, हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. आता तिला पुन्हा दिवस गेले आहेत. ते बाळ यायच्या आधी तिला हे कळायला हवे. मी सांगून भागणार नाही. ज्याने 'चालू ठेवा' म्हटले, त्याने जावे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलकंठ तिच्या अंगणात जाऊन बसला. त्याने सारे सांगितले. आपली चूकही झाकली नाही. भागीरथी मान खाली घालून ऐकत होती. तो थांबला, तेव्हा तिने हळू आवाजात विचारले, "म्हणजे माझी पोर उपाशी होती?"

"हो," नीलकंठ म्हणाला.

ती रडली नाही. त्याला जा असेही म्हणाली नाही. ऊन अंगणभर पसरले, तरी दोघे तसेच बसून होते.