एका काठाची भिंत

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते माहीत नव्हतं. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

समुद्रापलीकडे सयाम नावाचा देश होता. तिथे सपाट रानातून एक मोठी नदी वाहायची आणि तिच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं होती. पावसाळा सरत आला की वरच्या डोंगरांतलं पाणी खाली यायचं आणि नदी पात्र सोडून दोन्हीकडे पसरायची. मग कितीतरी दिवस ते पाणी हलायचं नाही.

लोकांना त्याचं फारसं काही वाटत नसे. घरं उंच लाकडी खांबांवर बांधलेली असत आणि प्रत्येक घराखाली एक होडी टांगलेली असे. पाणी आलं की होडी सोडायची, कोंबड्या वर घ्यायच्या आणि शेजारणीकडे मीठ मागायला वल्हवत जायचं. भातही त्यांचं तसलंच. पाणी चढेल तसा त्याचा दांडा वाढायचा, माणसाच्या दुप्पट उंच व्हायचा, आणि लोंब्या पाण्याच्या वर डोलायच्या. कापणी होडीत बसून व्हायची. तांदूळ जाडाभरडा होता, पण सगळ्यांची पोटं भरायची.

पाणी दोन्ही गावांत सारखं पसरायचं. म्हणून ते कधी कुणाच्या गळ्याशी आलं नाही.

पूर्वेकडच्या गावाची प्रमुख होती बुनमा. नवरा गेलेला, एकच मुलगा, खाम त्याचं नाव. त्या देशात लग्न झालं की मुलगी घर सोडत नाही, मुलगा सासरी राहायला जातो. हसू नका, त्यांना आपली रीत ऐकून असंच हसू येत असेल. खामची बायको पश्चिमेच्या काठावरची होती, म्हणून तो तिकडे गेला. त्याला पुढे एक मुलगीही झाली.

बुनमा एकटी पडली. तिचे गुडघे दुखायचे. दरवर्षी सगळं सामान शिडीवरून वर चढवायचं, दोन महिन्यांनी खाली उतरवायचं, शिवाय चिखल काढायचा. ती या सगळ्याला कंटाळली होती, आणि खरं सांगायचं तर कोण कंटाळणार नाही? एका वर्षी तिने गाव जमवलं आणि म्हणाली की आपल्या काठाची माती चिकणमाती आहे, आपण नदीच्या कडेने भिंत घालू.

भिंत झाली. त्या वर्षी पूर्वेच्या गावात पाय भिजण्याइतकंही पाणी आलं नाही. लोक आनंदाने नाचले.

आता आत न आलेलं पाणी जाणार कुठे? ते पश्चिमेला गेलं. तिथे अंगणात दरवर्षी कमरेपर्यंत यायचं ते छातीपर्यंत आलं. तिकडच्यांनीही भिंत घालून पाहिली, पण त्यांची जमीन वाळूची. बांधली तशी वाहून गेली. ते तक्रार घेऊन आले, तेव्हा बुनमाने त्यांना जेवू घातलं आणि परत जाताना तांदळाच्या टोपल्या दिल्या. पुढे दरवर्षी टोपल्या जायच्या. मदत केल्याचं पुण्यही मिळत होतं आणि अंगणही कोरडं राहत होतं, मग कोण भिंतीला हात लावतो?

कोरड्या पायांची सवय फार लवकर लागते. पूर्वेच्या लोकांनी घराखालच्या रिकाम्या जागेला कूड घातले आणि तिथे धान्याची कोठारं केली, लेकी-जावयांसाठी खोल्या केल्या. होड्या नुसत्याच पडून होत्या, त्या चुलीत गेल्या, एकदोन गुरांना पाणी पाजायला ठेवल्या. जाडं भात कुणाला नकोसं झालं. त्यांनी बुटक्या दांड्याचं, बारीक, सुवासिक भात लावलं. ते चार दिवस पाण्याखाली राहिलं की कुजतं. पण पाणी येणारच नव्हतं.

मग एका वर्षी डोंगरांत असा पाऊस झाला की म्हाताऱ्यांनाही तसा आठवत नव्हता.

नदी भिंतीला घासत धावू लागली. पश्चिमेची शेतं गेली, मग शिड्या गेल्या, मग पाणी घरांच्या फळ्यांना लागलं. एका दुपारी खाम एकटाच होडी घेऊन त्या धारेतून आला. भिंतीवर चढला तेव्हा त्याचे तळहात सोलून निघाले होते. घराघरांचे खांब हलायला लागलेत, माणसं छपरांवर बसलीत, असं त्याने सांगितलं. तुम्ही भिंत फोडलीत तर पाणी दोन्हीकडे पसरेल आणि आमची घरं टिकतील, एवढंच त्याचं मागणं होतं.

बुनमा म्हणाली, "बाळा, आधी बायकोला आणि पोरीला इकडे घेऊन ये."

"त्या धारेत पोरीला घालू? मी एकटा कसाबसा आलोय, आई. आणि बाकीच्यांचं काय? तिथे सगळं गाव आहे."

बुनमाने गाव जमवलं. आणि ऐका, त्या गावात कुणीही दुष्ट नव्हतं. भिंत फोडायलाच हवी, असं सगळे म्हणाले. फक्त कुठे फोडायची, ते ठरेना. एकाच्या बाजूला कोठार होतं, दुसऱ्याकडे लेक बाळंतीण होती, तिसऱ्याचं भात ऐन दाण्यात आलं होतं. जो तो शेजाऱ्याच्या शेताकडे बोट दाखवत होता. एकाने विचारलं की पाणी आत आल्यावर आपण जायचं कशातून, होडी कुणाकडे आहे?

शेवटी सगळ्यांनी बुनमाकडे पाहिलं. तिचंही शेत भिंतीला लागून होतं आणि भात पिवळं व्हायला लागलं होतं. तिने खूप वेळ विचार केला. मुलगा समोर उभा होता आणि तरीही तिने विचार केला, याचंच मला राहून राहून दुःख होतं.

"थोडे दिवस कळ काढा," ती म्हणाली. "आम्ही रात्रंदिवस भात कापतो. कापून झालं की माझ्याच शेतापाशी फोडू. शब्द देते."

खामने वाद घातला नाही. तिने त्याच्यापुढे भात वाढला होता, तो तसाच राहिला.

"मी निघतो, आई," तो म्हणाला. "तिथे ते माझी वाट बघत असतील."

सगळं गाव शेतात उतरलं. बुनमा दुखऱ्या गुडघ्यांनी कापत होती आणि मध्ये एकदाही ताठ उभी राहिली नाही, कारण उभं राहिलं की भिंतीपलीकडचं दिसायचं. वाऱ्याबरोबर पलीकडून हाका यायच्या. लोक कापणीचा वेग वाढवायचे. अर्धं भात कापून झालं होतं, आणि एका सकाळी हाका आल्या नाहीत.

बुनमा भिंतीवर चढली. समोर नुसतं पाणी होतं. छपरं नव्हती, खांब नव्हते, नारळाच्या दोनतीन झाडांचे शेंडे तेवढे हलत होते. तिने खामला हाक मारली, मग सुनेला, मग नातीला. पुन्हा पहिल्यापासून मारली.

मग ती खाली उतरली, कुदळ आणली आणि स्वतःच्या शेतापाशी भिंत फोडायला लागली. तिला कुणी अडवलं नाही आणि कुणी मदतही केली नाही. पण तोवर डोंगरांतला पाऊस थांबला होता, नदी उतरू लागली होती. भगदाडातून थोडंसं पाणी आत आलं आणि भाताच्या मुळांना ओल देऊन तिथेच जिरलं. उभं पीक एक लोंबीही न वाकता उभं राहिलं.

म्हातारी काठावर बसली आणि नदीला म्हणाली, "तुझ्या अंगात एवढं बळ होतं. माझी मातीची भिंत तू का फोडली नाहीस?"

त्या काळी नद्या बोलायच्या. नदी म्हणाली, "मी दोन्ही काठांवर यायचे. तुम्ही इकडे येऊ नको म्हणालात, मी आले नाही. तिकडे कुणाचा मुलगा राहतो ते तुला माहीत होतं. मला कसं कळणार?"

बुनमा उठली आणि कुदळ घेऊन घराकडे निघाली.

त्या वर्षी पूर्वेच्या गावात पीक उत्तम आलं. बुनमाच्या घरीही कोठार भरलं. पुढे ती बरीच वर्षं जगली, आणि तेच तिला सोसावं लागलं. पश्चिमेच्या काठावर पुन्हा कुणी वस्ती केली नाही. आणि पुढचा पावसाळा येण्याआधी गावकऱ्यांनी, तिच्या दुःखाचा मान राखून, तिला न विचारता, भिंतीतलं ते भगदाड बुजवलं आणि भिंत हातभर आणखी उंच केली.

तात्पर्य: आपल्या दारातून परतवलेलं संकट संपत नाही, ते दुसऱ्याच्या दारात जातं, आणि त्यातला आपला वाटा वेळेवर उचलला नाही, तर नंतर भिंत फोडून काही उपयोग होत नाही.