सूर धरायला काय लागतं!

"उद्यापासून सनई फुकट!"

जांभुळगडच्या राजा धारेरावाने भर दरबारात असं सांगितलं आणि सटवाजी गुरवाच्या हातातली सनई खाली पडता पडता राहिली. गडावरच्या देवीपुढे सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायची, हे त्याच्या घराण्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. त्याबद्दल वर्षाला दोन खंडी जोंधळा मिळायचा. त्याच जोंधळ्यावर त्याची चूल पेटायची आणि त्याचा थोरला भाऊ केरबा, त्याचीही.

झालं होतं काय, आदल्या दिवशी एक बैरागी गडावर आला. देवीपुढे चार भजनं म्हणाला आणि मूठभर शिधाही न घेता चालता झाला. झालं! राजाच्या डोक्यात किडा शिरला. आपल्या डोक्यात असा किडा शिरला तर बायको झाडून काढते. राजाचा कोण काढणार?

"बैरागी देवीपुढे फुकट गातो, मग तुम्हालाच जोंधळा कशाला?" राजाने विचारलं.

सटवाजीच्या मागे उभी असलेली त्याची लेक बायजा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"सरकार, बैराग्याला चूल नाही. आम्हाला दोन आहेत!"

दरबारात कोणीतरी खुसकन हसलं. राजाला ते झोंबलं.

"जीभ फार चालते गं तुझी! मग मला सांग, सुतार लाकूड खर्ची घालतो, तेली तीळ खर्ची घालतो. तुमचं काय खर्ची पडतं? वाजवून झाल्यावर सनई तेवढीच, माणूस तेवढाच, आणि वारा तर देवाचा! तुझा बाप निदान बोटं तरी हलवतो. आणि हा तुझा चुलता? गाल फुगवून एकच सूर धरून बसतो! एवढं तर माझ्या गोठ्यातलं वासरूही करील!"

सटवाजीशेजारी उभ्या केरबाने मान खाली घातली. तीस वर्षं तो भावाच्या सनईखाली तो एकच सूर धरत आला होता. भिंतीखाली पाया असतो, तसा. पण पाया बघायला कोण वाकतो?

बायजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खर्ची पडतं, सरकार! पुष्कळ पडतं!"

"असं? मग ते आणून माझ्या या तळहातावर ठेव! नुसतं बोलून चालायचं नाही, हाताला लागलं पाहिजे. तीन दिवस दिले. ठेवलंस तर जोंधळा चालू. नाही ठेवलंस तर पुढच्या सात पिढ्या फुकट वाजवायचं!"

घरी आल्यावर सटवाजीने कपाळावर हात मारून घेतला. "तुझ्या जिभेला हाड नाही, बायजे! आता राजाच्या हातावर काय ठेवणार? फुंकर?"

"माझ्यापायीच झालं हे," केरबा पुटपुटला.

बायजाने चुलत्याच्या फुगून फुगून सैल पडलेल्या गालांकडे निरखून बघितलं. मग एकदम म्हणाली, "काका, परवा तुम्ही दरबारात यायचं नाही."

"का गं?"

"तुम्ही आलात, तर जोंधळा गेलाच म्हणून समजा!"

तिसऱ्या दिवशी बाप-लेक दोन सनया घेऊन दरबारात हजर झाली. राजाने हात पुढे पसरला. "ठेव!"

"ठेवते, सरकार. पण आधी वाजवायला नको? वाजवल्याशिवाय खर्ची काय पडणार?"

"मग वाजवा! अडवलंय कोणी?"

"सूर धरायला माणूस नाही. काकांचं मन मोडलंय. सरकार म्हणाले होते ना वासरू करील म्हणून, तर येताना मी गोठ्यात जाऊन आले. पण वासरू काही तयार होईना!"

दरबार खदखदला. राजा ताडकन उठला. "आण इकडे! मीच धरतो. त्यात काय मोठंसं!"

बायजाने सनई अदबीने पुढे केली. "फुंकायची पत्ती कोरी लावलीय, सरकार. भोकं मेणाने बुजवलीत, बोटांचं कामच नाही. फक्त फुंकायचं. पण पद पुरं होईपर्यंत सूर तुटता कामा नये. तुटला तर गडाला अपशकुन."

"मला शिकवू नकोस! तो नेम माझ्या आजोबांनीच घातलाय!"

सटवाजीने पद उचललं. राजाने फुंकर मारली. आधी नुसतंच फुस्स झालं, मग शेळी ओरडली, आणि मग एकदाचा सूर लागला. राजाने मिशीवरून ऐटीत हात फिरवला.

पहिल्या ओळीला चेहरा लाल झाला. दुसरीला जांभळा. तिसरीला डोळे खोबणीतून बाहेर आले आणि पागोटं कानावर घसरलं. राजा तोंडातून सनई काढणार, तेवढ्यात बायजा ओरडली, "अपशकुन, सरकार! नाकाने श्वास घ्या, गालातला वारा सोडा!"

ते केरबाला साधायला दोन वर्षं लागली होती. राजाला दोन घटकांत कुठलं साधायला! सूर दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, पण आजोबांचा नेम! त्याने तो पडू दिला नाही. सटवाजीही बेरकी. चौथी ओळ त्याने चांगली घोळवून घोळवून घेतली.

पद संपलं. राजा धपकन गादीवर कोसळला. दिवाणजी शेल्यानेच वारा घालू लागले.

"सरकार," बायजा म्हणाली, "आता करा हात पुढे."

राजाने हात पुढे केला.

"आता तो उलटा करून आपल्या छातीवर ठेवा."

राजाने ठेवला. आत नगारा वाजावा तसं धाड धाड धाड चाललं होतं.

"लागलं हाताला?"

राजाने नुसती मान डोलावली.

"हेच ते! चार ओळींत तुमचं एवढं बळ गेलं, सरकार. काकांचं तीस वर्षं जातंय, रोज दोन वेळा. आणि गेलेलं भरून काढायला भाकरी लागते, नुसता देवाचा वारा पुरत नाही!"

राजाने रागावायला तोंड उघडलं, पण रागावायलाही दम लागतो, तो होता कुठे? त्याऐवजी हसूच फुटलं. तेही तुकड्या-तुकड्याने. पोट धरून, खोकत, डोळे पुशीत राजा हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने बायजापुढे सरकवलं.

"दिवाणजी... जोंधळा..."

"दोन खंडी चालू ठेवू, सरकार?"

"नाही!"

सटवाजीचा हात पुन्हा कपाळाकडे गेला. राजाला पुढचा शब्द काही फुटेना. तो नुसता हात हलवत राहिला. शेवटी एकदाचा दम आला.

"तीन! तिसरी त्या केरबाची, एकट्याची! आणि त्याला... आत्ताच्या आत्ता... बोलवा रे! संध्याकाळचा सूर... माझ्याच्याने नाही धरवणार!"